थकलेल्या जनावराचे शेवटचे दिवस



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडत असता एक वयस्क शेतकरी दाराशी थांबलेले दिसले. इतर मंडळी पांगेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, आमची गाय परवापासून बसली आहे, उठत नाही. पंधरा वर्षांची झाली. मुलगा म्हणतो, टेंपोत घालून रात्री कुठेतरी दूर सोडून येऊ. माझे मन होत नाही. पण करू काय?" आम्ही म्हटले, "काका, आधी गाय तर पाहू."

गाय पाहिली. गोठ्याची जमीन गुळगुळीत सिमेंटची होती आणि शेणमुताने ओली झाली होती. तिच्यावर ती एकाच कुशीवर दोन दिवस पडून होती. मागच्या पायाचे कातडे सोलवटले होते. डोळे मात्र सावध होते व पुढे धरलेले गवत ती खात होती. म्हणजे जगण्याची इच्छा संपली नव्हती. पायाखालची जागा तिला उठू देत नव्हती. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान पुष्कळ शिकविले गेले. बसलेल्या गाईची कूस कशी बदलावी हे मात्र वडिलांनी शिकविले होते. त्या दिवशी ते कामी आले.

हा प्रश्न त्या एकाच घरचा नाही. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत थकल्या जनावराचे काय करावे हे कोडे घरोघर पडलेले आहे. पूर्वी नांगरट बैलांवर होती, तेव्हा म्हातारा बैलही तरण्याच्या जोडीने काही दिवस चाले. आता पॉवर टिलर आला. डिचोलीत खाणींच्या भरभराटीच्या काळात पुष्कळांनी शेती टाकली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा गोठे आधीच ओस पडले होते. पेडण्यात मोपाच्या सड्यावर गुरे मोकळी चरत, त्या सड्यावर आता विमानतळ उभा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. मुले पणजीला, मुंबईला, आखातात गेली. घरी राहिले ते म्हातारे धनी आणि म्हातारी गुरे. भाकड गाय विकावी म्हटले तर १९७८ च्या कायद्याने गोव्यात, काही अपवाद सोडता, गाईच्या कत्तलीस बंदी आहे. मग दावे सोडून देणे एवढेच सोपे उरते. पावसात डांबरी रस्ता गवतापेक्षा लवकर सुकतो आणि तेथे माश्याही कमी, म्हणून सोडलेली गुरे रात्री रस्त्यावरच येऊन बसतात. काळोखात काळी म्हैस मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. पुढचे सांगावयास नको. असे मृत्यू आपल्याकडे झालेले आहेत.

म्हाताऱ्या व अपंग जनावरांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान असावे ही कल्पना नवी नाही. मुंबईचे पांजरपोळ १८३४ सालचे आहे. त्याच्या दोन वर्षे आधी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून शहरात दंगा झाला, आणि त्यानंतर सर जमशेटजी जीजीभॉय व काही धनिक व्यापारी यांनी मिळून बेवारस जनावरांसाठी ही जागा उभी केली. आपल्या जवळ पाहावयाचे तर डिचोली तालुक्यातच, मये गावी सिकेरी येथे, गोमंतक गोसेवक महासंघाची गोशाळा आहे. गोव्याच्या अनेक भागांतील मोकाट, जखमी, म्हातारी गुरे तेथे नेली जातात. पंचायती व नगरपालिका त्यांच्याशी करार करतात, आणि मोकाट गुरांच्या व्यवस्थेसाठी असलेल्या सरकारी योजनेतून अनुदानही मिळते. बार्देशात आसगाव येथे जॉन व जो हिक्स या इंग्रज दांपत्याने १९९८ मध्ये इंटरनॅशनल अॅनिमल रेस्क्यूचे केंद्र सुरू केले. तेथे मुख्यतः कुत्री-मांजरे असली तरी जखमी गुरांनाही आसरा मिळत आला आहे. सांगली जिल्ह्यात २००३ पासून 'अॅनिमल राहत' ही संस्था साखर कारखान्यांच्या ऊसगाड्या ओढून झिजलेल्या बैलांसाठी काम करते. त्यांचे पशुवैद्य गाडीतळावर जाऊन खांदेसूज, लंगडेपण, नाकातील वेसणीच्या जखमा यांवर उपचार करतात, मालकाला समजावून थकलेल्या बैलाला कामातून मुक्त करवितात आणि ज्याला कोणी ठेवीत नाही त्याला आपल्या आश्रमात आणतात. वेसणीऐवजी तोंडावर सैल म्होरकी बांधावी हा त्यांचा प्रचार आपणही घेण्यासारखा आहे. ज्या बैलाला आता नांगराला जुंपावयाचे नाही, त्याच्या नाकात दोरी कशाला हवी?

येथे एक शंका पुष्कळांच्या मनात येईल, ती आम्ही उघडच मांडतो. गोशाळा चालविणाऱ्यांची गाईविषयीची श्रद्धा आपली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गोमांस शिजते, आणि ते कोणी लपवूनही ठेवीत नाही. मग तेथले आपण काय शिकावे? आमचे म्हणणे इतकेच की गाय देवता आहे की नाही यावर मतभेद राहतील. पण तहानलेल्या म्हाताऱ्या जनावराला पाणी कसे पाजावे, यात मतभेदाला जागा नाही. ज्यांनी हजार वेळा हे काम केले आहे, त्यांच्याकडून ते शिकण्यात कमीपणाही नाही.

दुसरी गोष्ट, आपण सारी जनावरे गोशाळेच्या दाराशी नेऊन ठेवू शकत नाही. माणसांच्या इस्पितळात खाट आठवड्याने रिकामी होते. गोशाळेत आलेली आठ वर्षांची भाकड गाय आणखी दहा वर्षे जगू शकते, आणि तितकी वर्षे ते दावे रिकामे होत नाही. रोज नवी गुरे येतात, जुनी जात नाहीत, वैरण मात्र तेवढीच. शिवाय ठिकठिकाणची जनावरे एकत्र आली की लाळ्या-खुरकूत किंवा २०२२ मध्ये देशभर पसरलेला लम्पी यांसारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून जाणते लोक नव्या जनावराला दोन-तीन आठवडे वेगळे बांधतात. तेव्हा ज्या जनावराला खरोखर धनी नाही, त्याच्यासाठी गोशाळा राहू द्यावी. ज्याला धनी आहे त्याचे शेवटचे घर त्याचा स्वतःचा गोठा. आता हे कसे करावयाचे ते पाहू.

प्रथम जमीन. थकलेले जनावर दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ बसून काढते. सिमेंट गुळगुळीत असेल तर ते बसावयास आणि उठावयास भिते. एकदा घसरले की धीर खचतो. चिऱ्याची खडबडीत फरशी किंवा मुरूम घालून चोपलेली माती सिमेंटपेक्षा केव्हाही बरी. सिमेंट असेलच तर त्यावर टाकी मारून चरे पाडावे आणि वर भाताच्या पेंढ्याचा वीतभर जाड थर द्यावा. ओला पेंढा रोज काढून खतात टाकावा. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. पश्चिमेची बाजू झापांनी किंवा ताडपत्रीने झाकावी, परंतु वारा पूर्ण कोंडू नये. शेणमुताच्या उग्र वासाने म्हाताऱ्या फुप्फुसांना खोकला जडतो.

आता बसलेल्या जनावराविषयी थोडे सविस्तर, कारण बहुतेक घरांत हार येथेच होते. दोन-तीनशे किलोचे जनावर एकाच कुशीवर राहिले की खालच्या पायाच्या स्नायूंवर व शिरांवर त्याचेच वजन पडते. सहा-सात तासांत रक्त अडू लागते, आणि एका दिवसात तो पाय निकामी होऊ शकतो. मूळ दुखणे साधे असते, परंतु जनावर उठत नाही ते पुढे या दाबामुळे. म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलणे हे पहिले औषध, रात्रीही. त्याला छातीवर बसते ठेवावे, आडवे पाडू नये. आडवे राहिल्यास पोट फुगते आणि तोंडात आलेला चारा श्वासनलिकेत जातो. दोन्ही बाजूंना पेंढ्याने भरलेली पोती टेकू म्हणून लावावीत. ओल्या सिमेंटवरून हलवावयाचे तर ओढू नये; ताडपत्रीवर घेऊन चौघांनी ताडपत्री ओढावी. पाय कोमट पाण्याने शेकून खोबरेलाने चोळावे. दिवसातून दोनदा पोटाखालून व छातीखालून गोणपाटाचे रुंद पट्टे घालून उभे करण्याचा प्रयत्न करावा, तोही काही मिनिटेच. दोरीने बांधून तासन्‌तास टांगून ठेवू नये. शेपूट पिरगाळणे, डागणी देणे, कानात पाणी ओतणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यांनी जनावर घाबरून एकदा उसळी मारते आणि पडून अधिक मोडते. त्याहून वाईट म्हणजे बांबूच्या नळकांड्याने तेल किंवा काढा घशात ओतणे. बसलेल्या, अशक्त जनावराच्या तो हमखास फुप्फुसात जातो.

हे सर्व करीत असतानाच पशुवैद्यास बोलवावे, कारण जनावर का बसले हे शोधणे आपले काम नाही. नुकती व्यालेली गाय बसली असेल तर रक्तातील चुना कमी झालेला असतो आणि योग्य सलाइनने ती तासाभरात उठू शकते. गोचिडांच्या तापाने बसली असेल तर वेगळे औषध. सांधे झिजले असतील, पाय मोडला असेल, नुसते कुपोषण असेल, तर प्रत्येकाची वाट वेगळी. "चार दिवस पाहू" म्हणण्यात पहिला, सर्वांत मोलाचा दिवस निघून जातो.

काकांच्या गाईला पशुवैद्यांनी तपासले. घसरून मागच्या मांडीचा स्नायू दुखावला होता, आणि ती बरेच दिवस उपाशीच होती. गवत पुढे असून उपाशी कशी? तर दातांमुळे. जनावराचे वय आपण खालच्या दातांवरून ओळखतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग चार-पाच वर्षांच्या सुमारास जुळलेले. त्यापुढे दात झिजत जातात, दहा-बारा वर्षांनंतर त्यांची खुंटे उरतात आणि दाढाही वेड्यावाकड्या होतात. असे जनावर लांब पेंढा तोंडात घेते, चघळते आणि गोळा करून खाली टाकते. गव्हाणीत असे ओले गोळे दिसू लागले की समजावे, याचे दात गेले. त्याला पेंढ्याची बारीक कुट्टी करून, पाण्यात किंवा पातळ ताकात भिजवून द्यावी. कोवळे हिरवे गवत, थोडी भिजवलेली खोबऱ्याची पेंड, कोंडा, चिमूटभर मीठ. एकदम पुष्कळ देऊ नये, चार वेळा थोडे थोडे द्यावे.

पेज आणि भात यांविषयी मात्र सावध. लहानपणी आमच्या घरच्या म्हाताऱ्या बैलावर आमचा फार जीव होता. फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी उरलेला भात मोठ्या प्रेमाने आम्ही त्याच्यापुढे टोपलीभर ठेवला. त्याने सगळा खाल्ला. संध्याकाळी तो रवंथ करीना, रात्री दात खाऊ लागला, दुसऱ्या दिवशी दुपारी मेला. वडील काही बोलले नाहीत, ते आम्हांला अधिक लागले. शिजवलेला भात गुरांच्या कोठ्यात आंबतो, आम्ल वाढते आणि ते रक्तात भिनते. लग्नाच्या मांडवामागे, फेस्ताच्या स्टॉलमागे टाकलेल्या भाताने आणि पावाने आजही गुरे मरतात. मे महिन्यात पडलेले फणस पोटभर खाल्ले तरी तेच होते. आणि हे उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकले तर जनावर पिशवीसकट गिळते. ती पिशवी पुढे जात नाही, बाहेर येत नाही, कोठ्यातच साठत राहते. पोट फाडून ती काढण्याची शस्त्रक्रिया करता येते, पण थकलेल्या जनावराला ती झेपेलच असे नाही.

पाणी बसल्या जागी मिळाले पाहिजे. लहान गावठी जनावरालाही दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बादली अरुंद नको, रुंद घमेले बरे.

जखमांविषयी आमच्याकडे नेहमी विचारणा होते. पावसाळ्यात साधा ओरखडा दोन दिवसांत किड्यांनी भरतो. जखमेत फिनाइल ओतू नये. त्याने किडे मरतात आणि निरोगी मांसही जळते. मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन, किडे चिमट्याने काढून, कडेला कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल लावावे म्हणजे माश्या बसत नाहीत. खोबरेलात हळद कालवून लावणे हा घरगुती उपाय वरवरच्या जखमेला चांगला. झाडपाल्याला आमचा विरोध नाही. आमच्या आईने निम्मा गाव त्यावर बरा केला. पण ताप, पू, दुर्गंधी, हाड दिसणे यांपैकी काही असेल तर झाडपाल्यावर विसंबणे म्हणजे जनावराला फसविणे होय.

अपंग म्हणजे निरुपयोगी असे समजून घाई करू नये. आंधळी गाय आपल्या गोठ्यात उत्तम राहते. फक्त गव्हाण, पाण्याचे घमेले आणि दावे यांच्या जागा बदलू नयेत, आणि सोबतीच्या जनावराच्या गळ्यात घंटा बांधावी. त्या आवाजामागून ती चरावयासही जाते. पाय गमावलेल्या जनावरांसाठी जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर कृत्रिम पाय बनवितात. सर्वांना ते साधणार नाही, पण असे होऊ शकते हे माहीत असावे. सोबत मात्र सर्वांनाच हवी. गुरे कळपातली असतात. म्हाताऱ्याला एकटे मागच्या खोपटात नेऊन बांधले की ते खाणे कमी करते. दुसरे जनावर दिसेल अशा जागी ठेवावे.

सेवा करणाऱ्याने स्वतःलाही जपावे. पावसाळी गोठ्यात अनवाणी, पायाला चीर असताना उतरू नये. उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. गाभ पडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नये. जनावराच्या तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असे दिसल्यास घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालण्याचा मोह होतो. ते पिसाळलेले असू शकते. हात घातलाच असेल तर साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. गोचिडांकडे दुर्लक्ष नको: शेजारच्या सत्तरीत २०१५ मध्ये माकडतापाची साथ आली, आणि रानात चरलेली गुरे त्या गोचिडी घरी आणू शकतात.

आता वेदना. गुरे ओरडत नाहीत, त्यामुळे त्यांना दुखत नाही असा आपला सोयीचा समज आहे. रवंथ थांबणे, दात खाणे, पाठ कमानीसारखी करणे, कान मागे पाडून एकटक पाहत राहणे, ही दुखण्याची भाषा होय. सांध्यांचे दुखणे औषधाने पुष्कळ कमी होते. मात्र औषध पशुवैद्यानेच द्यावे, दुकानातून माणसांची सुई आणून टोचू नये. डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यास भारतात २००६ पासून बंदी आहे. ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि आपल्या आकाशातून गिधाडे गेली ती मुख्यतः त्यामुळे. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांवरही तशीच बंदी आली. मेलॉक्झिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, आणि म्हाताऱ्या गुरांना त्याचा चांगला उपयोग होतो.

आणि कशानेच उपयोग होत नसेल तर? पाय मोडून सांधत नाही, पाठीला जखमा पडल्या, अन्न सुटले, डोळे विझले. अशा वेळी इंजेक्शनने शांत मरण द्यावे काय, असे आम्हांला विचारतात. बहुतेक गोशाळा हा मार्ग धरीत नाहीत. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, जनावर जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा अवस्थेसाठी तरतूद आहे; परंतु ते धन्याने परस्पर करावयाचे काम नव्हे. शासकीय पशुवैद्याचे लेखी मत घ्यावे, तो सांगेल त्या रीतीने करावे. ख्रिस्ती नीतीच्या दृष्टीने माणसाच्या बाबतीत जे कधीही करता येत नाही, ते जनावराच्या बाबतीत दयेने करता येते, हा फरक आम्ही स्पष्ट सांगतो, कारण काहींच्या मनाला उगाच टोचणी लागते. उलट, खर्च वाचावा म्हणून बऱ्या होण्याजोग्या जनावराला संपविणे हे दयेच्या नावाखाली खपवू नये.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. "फादर, म्हाताऱ्या माणसांना औषध नाही, आणि तुम्ही गाईची गोष्ट करता," असे एका बाईंनी आम्हांला तोंडावर सुनावले. त्यांचे चुकले नाही. १९९२ च्या धर्मशिकवणीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख निवारण्यास लागणारा पैसा आधी प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. म्हणून आम्ही हिशेब करून पाहिला. दोनशे किलोच्या गावठी जनावराला दिवसाला चार-पाच किलो सुकी वैरण लागते, म्हणजे वर्षाला सुमारे पंधरा ते अठरा क्विंटल. पावसाच्या चार महिन्यांत बांधावरचे गवत कापून आणले तर त्यातील मोठा भाग सुटतो. कापणीनंतर शेतातच जाळला जाणारा पेंढा ठेवला तर आणखी काही. आणि ते जनावर दिवसाला आठ-दहा किलो शेण देते, वर्षाला तीन टनांच्या आसपास. दूध आटले तरी शेण आटत नाही. वायंगणाला आणि कुळागराला ते खत विकत घ्यावयाचे झाले तर काय पडते हे वाचकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. फायदा होतो असे आम्ही म्हणत नाही. पण समजतो तेवढा तोटाही होत नाही.

एकट्या घराला जड जात असेल तर तीन-चार घरांनी एक गोठा करावा. चार-पाच जनावरे एकत्र आली की दोन घनमीटरच्या गोबरगॅसला लागणारे रोजचे पन्नासेक किलो शेण जवळपास जमते, आणि रात्रीच्या कूस बदलण्याच्या पाळ्या वाटून घेता येतात. पाळ्यांवरूनच भांडणे होतात, तेव्हा त्या आधी कागदावर लिहाव्यात. कानातील बारा आकडी बिल्ला प्रत्येकाच्या नावावर आहेच. जनावर कोणाचे हा वाद त्यामुळे उरत नाही. रात्री दूर सोडून आल्यानेही तो बिल्ला पुसला जात नाही, हे तरुण मंडळींनी लक्षात घ्यावे.

काकांची गाय चौथ्या दिवशी उठली. मुलगा रात्री दोन वाजता आणि पाच वाजता स्वतः उठून तिची कूस बदलत होता. डिसेंबरात, सांव फ्रान्सिस झेवियरचे फेस्त होऊन गेल्यावर, ती पुन्हा बसली. या वेळी तिने अन्न सोडले. पशुवैद्यांनी वेदना कमी करण्याची सुई दिली, दोन दिवसांनी पाहून निर्णय घेऊ म्हणाले, आणि त्याआधीच पहाटे ती गेली. परसाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून दूर, पुरुषभराहून खोल खड्डा काढून चुना घालून पुरली. आपला चिरा सच्छिद्र आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला मढे पुरले तर पावसात त्याचा अंश पाण्यात उतरतो. मेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर ते मुळीच कापू नये, कातडे काढू नये, आधी पशुवैद्यास कळवावे. आणि ज्याला शांत मरणाचे इंजेक्शन दिले ते मढे उघड्यावर टाकू नये; कुत्री आणि घारी ते खाऊन मरतात.

गोणपाटाचे दोन रुंद पट्टे, एक मोठी ताडपत्री आणि पेंढा भरण्याची आठ पोती आम्ही धर्मगुरूंच्या निवासामागील खोलीत ठेवली आहेत. ज्याचे जनावर बसेल त्याने कोणत्याही वेळी, रात्रीसुद्धा, येऊन न्यावीत. परत आणताना पट्टे धुऊन उन्हात वाळवून आणावेत. गेल्या खेपेस ते तसेच ओले परत आले होते आणि त्यांना बुरशी धरली.